पॅन्सी मे महिन्यापर्यंत टिकवता येईल का?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे, पुण्यात राहते. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला जाते आणि परतताना नर्सरीतून पॅन्सीच्या चार-पाच फुललेल्या कुंड्या घेते. महिनाभर बाल्कनी भरून जाते. पण होळी आली की रोपं लांबट होतात, फुलं बारीक येतात, पानं पिवळी पडतात आणि पाडव्यापर्यंत कुंड्या रिकाम्या. माझी नात ठाण्याला असते, दुसरीत आहे. व्हिडिओ कॉलवर फुलं बघून म्हणाली, "आजी, यांना तोंडं आहेत! मे महिन्यात येईन तेव्हा मला दाखव." आता मार्च लागलाय. बेडरूममध्ये एसी लावून ही रोपं वाचतील का? शिवाय हॉलमध्ये एक आफ्रिकन व्हायोलेट आहे. त्यालाही पॅन्सीसारखंच रोज वरून पाणी घालते, तर पानांवर तपकिरी डाग पडलेत आणि मधला भाग कुजल्यासारखा झालाय. शेजारच्या म्हणतात, तुमच्या हाताला गुण नाही. खरंच तसं असतं का?

उत्तर:

ताई, हाताच्या गुणाचं आधी मनातून काढून टाका. जानेवारीअखेर आणलेली पॅन्सी मार्चमध्ये मान टाकते, ती पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरी. तुमच्या कुंड्यांतली रोपं नर्सरीवाल्यानं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असतात. तुम्ही ती घेता तेव्हा ती ऐन बहरात असतात, म्हणजे त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य नर्सरीतच सरलेलं असतं. पाहुणा परतीच्या गाडीची वेळ बघतोय आणि आपण त्याला राहायचा आग्रह करतोय, असं ते होतं. तुमच्या निगराणीत खोट नाही. खोट आहे ती खरेदीच्या तारखेत, आणि ती सुधारता येते.

आता एसीचं. नाही, ताई, तो खटाटोप करू नका. पॅन्सीला गारवा हवा हे तुमचं बरोबर आहे. दिवसा वीसच्या आसपास आणि रात्री दहा-बारा अंश असेल तर ती खुलते. पण त्या गारव्याबरोबर तिला रोज पाच-सहा तास ऊनही लागतं. खिडकी उघडी असली की खोली आपल्याला लख्ख वाटते, पण झाडाच्या हिशेबात तो उजेड उघड्यावरच्या उजेडाचा अगदी लहानसा हिस्सा असतो. एसीत ठेवलेली पॅन्सी उजेडाकडे मान ताणत राहील, कळ्या गळतील, आणि कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, धरेल. विजेचं बिल वाढेल ते वेगळंच.

ही मूळची थंड मुलखाची जात आहे. युरोपातल्या रानांत आणि शेतांच्या बांधांवर उगवणारी तिरंगी व्हायोला हिची आजी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हौशी बागवाल्यांनी त्या रानफुलाचे संकर करायला घेतले. त्यांत ॲडमिरल लॉर्ड गॅम्बियर यांचा माळी थॉम्पसन याचं नाव आवर्जून घेतलं जातं. फुलाच्या मधोमध गडद डाग असलेली, म्हणजे तुमच्या नातीला दिसलेलं 'तोंड' असलेली पॅन्सी पुढे यायला त्याच्याच बागेतून सुरुवात झाली. अशा हवेत घडलेल्या झाडानं पुण्याच्या ३८ अंशांच्या एप्रिलमध्ये तग धरावा ही अपेक्षाच चूक. तिला इथं डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने मानवतात. पण ते तिन्ही महिने तुमच्या बाल्कनीत गेले पाहिजेत, नर्सरीत नव्हे.

मग सध्या हातात असलेल्या रोपांचं काय करायचं? पहिलं म्हणजे ती सकाळचं कोवळं ऊन येईल आणि दुपारची झळ लागणार नाही अशा जागी हलवा. दुसरं, उरलेली चांगली फुलं आत्ताच खुडून दाबून ठेवा. पॅन्सी मुळात चपटी असते, त्यामुळे दाबायला तिच्याइतकं सोयीचं फूल क्वचितच सापडेल. दव किंवा पाणी नसताना, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फूल देठापासून खुडा. ते तोंड खाली करून वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा, पाकळ्या बोटानं सारख्या करा, वर दुसरा कागद घाला आणि जाडजूड पुस्तकात ठेवून द्या. पहिला आठवडाभर दोन-तीन दिवसांनी कागद बदलायचा, एरवी ओल राहून फूल काळवंडतं. दोन-तीन आठवड्यांत फुलं कडक वाळतात. जांभळा आणि पिवळा रंग चांगला टिकतो. मेमध्ये नातीसमोर ही फुलं आणि कोरे कार्ड ठेवा, तिची एक दुपार त्यात जाईल.

तिसरं, एकदोन फुलं झाडावरच राहू द्या. पाकळ्या गळल्या की मागे छोटी हिरवी बोंडं धरतात आणि देठावर खाली मान घालून लोंबत राहतात. पिकली की मात्र मान वर करतात आणि तीन फाकांत उकलतात. प्रत्येक फाक होडीच्या आकाराची, आत तपकिरी गुळगुळीत दाण्यांची रांग. वाळताना त्या फाकेच्या कडा आक्रसतात आणि दाणे चिमटीतून सुटल्यासारखे लांब उडतात. म्हणून बोंड वर बघायला लागलं की त्याला मलमलीची पुरचुंडी बांधा. हे बी संकरित रोपाचं असलं तर पुढच्या पिढीत रंग जसाच्या तसा येत नाही. फुलं कशीही निघाली तरी ती स्वतः धरलेल्या बियांची असतील. बी कोरडं करून काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजच्या दारात ठेवा. वर्षभरानं उगवण झपाट्यानं घटते, म्हणून येत्या हंगामातच वापरा.

आणि आता खरा बेत. नातीला पॅन्सी मेमध्ये दाखवण्याचा हट्ट सोडा. त्याऐवजी तिला दिवाळीच्या सुट्टीत बोलवा.

बी पेरायचं ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा ऑक्टोबर लागता लागता, नवरात्राच्या सुमाराला. अडचण एवढीच की तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो आणि पॅन्सीचं बी १८ ते २० अंशांना नीट रुजतं. पारा पंचविसाच्या वर गेला की ते आळसावतं. म्हणून ट्रे बाल्कनीत न ठेवता घरातल्या सगळ्यात गार खोलीत, फरशीवर ठेवा. माठाच्या शेजारची जागा उत्तम. ट्रेमध्ये नवं, भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत भरा, जुनी माती नको. बी विरळ टाकून वर जेमतेम झाकेल इतकाच थर द्या. या बीला रुजताना अंधार लागतो, तेव्हा वरून ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र घाला आणि रोज उचलून बघा. दहा ते पंधरा दिवसांत पांढरे-हिरवे अंकुर दिसायला लागतील. ज्या दिवशी दिसतील त्याच दिवशी झाकण काढून ट्रे उजेडात न्यायचा. इथे एका दिवसाची हयगय झाली तरी रोपं दोऱ्यासारखी वाढतात आणि मग आडवी होतात.

कोवळ्या रोपांची मर हे या टप्प्यातलं खरं संकट. मातीलगतचा दांडा बारीक, पाणचट होतो आणि सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी लोळतं. उपचारापेक्षा खबरदारीच बरी. पाणी वरून झारीनं न घालता ट्रे उथळ परातीत ठेवून खालून शोषू द्यावा, हवा खेळती ठेवावी, आणि मिश्रणात थोडं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळावं. ते शेती सेवा केंद्रात सहज मिळतं.

अंकुराच्या पहिल्या दोन पानांनंतरची चार-सहा खरी पानं आली की रोपं कुंडीत हलवायची. ही वेळ दिवाळीच्या आगेमागे येते आणि शाळेला सुट्टी असते. लहान मुलांची बोटं या कामाला फार चांगली. रोप दांड्याला धरायचं नाही, पानाला धरायचं, एवढं एक शिकवा. पान तुटलं तर दुसरं येतं, दांडा चेपला तर रोप गेलंच. आठ इंची कुंडीत तीन रोपं पुरेत. नात दोन दिवसांत परत गेली तरी तिच्या नावाची कुंडी तुमच्याकडे राहील, आणि नाताळच्या सुट्टीत ती येईल तेव्हा कळ्या धरलेल्या किंवा उमललेल्या असतील.

कुंडीतल्या मातीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमची पिवळी पानं मला उन्हाइतकीच पाण्याची वाटतात. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये बोअरचं किंवा टँकरचं जड, म्हणजे क्षारांचं पाणी असतं. ते रोज घातलं की मातीचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, हळूहळू वर चढतो. पॅन्सीला साडेपाच ते सहाचा, म्हणजे किंचित आम्ल सामू हवा. तो चढला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोरॉन या अगदी थोड्या लागणाऱ्या अन्नद्रव्याचंही तेच होतं. त्यात शेंड्याची पानं जाड, चुरगळलेली येतात आणि शेंडाच थांबतो. पुष्कळदा लोक त्याला रोग समजून फवारण्या करत बसतात. तुमची पानं एकदा भिंगाखाली बघा. शेंड्याकडची पिवळी असतील तर कारण सामूचं आहे, बुडाकडची पिवळी असतील तर भूक किंवा साठलेलं पाणी. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, त्यात मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण पुरे. पॅन्सीच्या कुंडीत राख आणि अंड्याच्या कवचांचा चुरा घालू नका. इतर झाडांना ते चालत असेल, इथे ते सामू आणखी चढवतात. जमेल तेव्हा पाणी महापालिकेच्या नळाचंच घाला.

रोजचं म्हणाल तर पाणी सकाळी, मातीत बोट घालून वरचा पेरभर थर कोरडा लागला की, आणि मातीवर. फुलांवर पाणी साचलं की पाकळ्यांवर राखाडी बुरशी येते. दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) विरघळवून द्यायचं. जास्त दिलं तर नुसता पाला वाढेल. रोप वीतभर व्हायच्या आधी एकदा शेंडा खुडा, म्हणजे ते बुडातून फुटतं.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे सुकलेली फुलं काढणं, आणि बहुतेक जण ते अर्धवट करतात. वाळलेल्या पाकळ्या ओढून टाकतात, मागचं बोंड झाडावरच राहतं. बोंड धरलं की झाड नव्या कळ्या काढायचं थांबवतं, कारण त्याचं काम झालेलं असतं. म्हणून देठ जिथून फुटतो तिथपर्यंत नखानं खुडा. दोन दिवसांतून एकदा, चहाचा कप हातात असताना होईल एवढंच काम आहे, पण बहर लांबतो तो यानंच.

मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर निंबोळी तेल. पावसाळी ओलाव्यानं गोगलगाई आल्या तर रात्री टॉर्च घेऊन वेचा.

तुम्ही बी पेरणार नसाल, तरी निदान खरेदी दोन महिने अलीकडे आणा. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नर्सरीत जा आणि फुललेलं रोप सोडून बुटकं, पसरट, कळ्यांनी भरलेलं घ्या. पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर आलेली असतील तर परत ठेवा. आणखी एक मनापासून सांगते. मोठ्या फुलांच्या पॅन्सीऐवजी लहान फुलांची व्हायोला घ्या. फूल रुपयाएवढं असतं, पण संख्येनं कितीतरी जास्त, आणि ऊन वाढायला लागल्यावर ती पॅन्सीपेक्षा थोडी जास्त दम धरते. पुण्या-नाशकाच्या हवेत माझं मत व्हायोलालाच. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांना तर मी मोठ्या पॅन्सीच्या वाटेला जाऊच नका म्हणेन. तिथल्या रात्रीच तिला हव्या तेवढ्या गार होत नाहीत.

तुमच्या हॉलमधल्या झाडाकडे येते. ताई, आफ्रिकन व्हायोलेटचा आणि पॅन्सीचा काही संबंध नाही. पॅन्सी, व्हायोला आणि काढ्याचा गुलबनफशा एका कुळातले. त्याच कुळातला रतनपुरुष आपल्याकडे पावसाळ्यात मुरमाड माळावर उगवतो, खालची एकच मोठी गुलाबी पाकळी असलेला. तुमचं झाड मात्र वेगळ्याच कुळातलं आहे. वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याला ते १८९२ मध्ये आजच्या टांझानियात सापडलं. तिथल्या उसांबरा डोंगरांत, दाट झाडीच्या सावलीत, शेवाळलेल्या कातळांवर ते वाढतं. आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात ओल्या कड्यांना चिकटून येणारी त्याची काही भावंडं आहेत. त्यामुळे त्याच्या गरजा पॅन्सीच्या उलट. ऊन नको, नुसता स्वच्छ उजेड. थंडी नको, २० ते २६ अंशांची ऊब. आणि डोक्यावर पाणी तर नकोच.

ती लव असलेली पानं एकदा बोट फिरवून बघा. थेंब त्या केसांत अडकतो आणि निथळत नाही. पाणी पानाहून गार असलं तर तिथेच तपकिरी डाग पडतो. मधल्या गाभ्यात साठलं तर गाभा कुजतो, आणि तुमच्याकडे तेच झालंय. आता गाभा मऊ पडला असेल तर झाड तसंच वाचवत बसू नका. बाहेरच्या फेरीतली दोन-तीन टणक, निरोगी पानं देठासकट काढा. देठ दोन-तीन सेंटीमीटर ठेवून तिरका कापा आणि ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. वर पारदर्शक डबा पालथा घालून उजेडात ठेवा. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी इवल्याशा पानांचे झुपके दिसतील. आज खोचलंत तर नात येईपर्यंत पहिली पिल्लं डोकावायला लागलेली असतील, आणि एका पानातून अख्खं झाड निघतं हे तिला दाखवता येईल. पुढे पाणी देताना कुंडी बशीत ठेवायची, बशीत खोलीच्या तापमानाचं पाणी घालायचं आणि अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाकायचं. वरची माती कोरडी झाली की पुन्हा. कुंडी लहानच असू द्या, झाडाच्या घेराच्या एक तृतीयांश. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि फुलं येत नाहीत.

एसीची खोली द्यायचीच असेल तर ती या झाडाला द्या. एसीच्या थेट झोतापासून दूर, २५-२६ अंशांवर, वीतभर उंचीवर एलईडी ट्यूब लावून दिवसाचे दहा-बारा तास उजेड दिलात तर ते ऐन मेमध्येही फुलू शकतं. नवी रोपं फुलायला पुढचा हिवाळा उजाडेल, पण जुनं झाड सावरलं तर त्याच्यावर हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

आणि बाल्कनीसाठी या आठवड्यातच चिनी गुलाबाच्या (पोर्चुलाकाच्या) काड्या मिळवा. कुणाच्याही गच्चीवर असतो, मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. चार-चार बोटांच्या काड्या पॅन्सीच्याच रिकाम्या होणाऱ्या कुंड्यांत, मातीत निम्मी वाळू मिसळून खोचा आणि भर उन्हात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात आणि महिन्याभरानं फुलं येतात. ऊन जितकं कडक तितकी जास्त. सकाळी मिटलेल्या कळ्या ऊन चढेल तशा उमलत जातात. नातीला नऊ वाजता खुर्ची टाकून बाल्कनीत बसवा, दहापर्यंत तिला ते होताना दिसेल.

शेजारीण खोकल्याच्या काढ्यासाठी पॅन्सीची फुलं मागायला आल्या तर देऊ नका. नर्सरीतल्या रोपांवर फवारण्या झालेल्या असतात, आणि दुकानात मिळणारा गुलबनफशा हिमालयातल्या वेगळ्या व्हायोलेटचा असतो. पुढच्या वर्षी घरच्या बियांची, न फवारलेली फुलं आली की दोन पाकळ्या श्रीखंडावर खुशाल ठेवा.